मैदानाचं माप

शकीलभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात मशीनखाली एक खोकं आहे. कापताना पडलेल्या चिंध्या ते दिवसभर पायानं त्या खोक्यात सरकवत राहतात. खोकं कधी भरतं ते त्यांनाही कळत नाही. आमच्या किश्श्यांचं तसंच झालं. दीड वर्ष आम्ही त्या दुकानात बसून एका मैदानासाठी भांडलो. तेव्हा सगळं इतकं गंभीर होतं की हसायला कुणाला सवड नव्हती. आता मैदान वाचलंय. नगरपंचायतीचा विकास आराखडा मंजूर होऊन आलाय आणि त्यात आमचं मैदान मैदानच आहे. तेव्हा खोकं उपडं करते.

आमचं गाव दिंडोरीच्या पुढचं. नगरपंचायत झाली तरी आम्ही गावच म्हणतो. द्राक्षबागा घरांना येऊन भिडल्यात, मधेमधे प्लॉटिंगचे बोर्ड, आणि सगळ्याच्या मधोमध हे मैदान. वर्षातला बहुतेक काळ तिथं काहीच नसतं. कुणाचा ट्रॅक्टर उभा असतो, कुणाच्या गोधड्या वाळत असतात. वैशाखात मात्र तिथं बोहाडा होतो. गावातलेच लोक कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे मोठाले मुखवटे चढवून देव, दैत्य, राजे होतात आणि संबळ-पिपाणीच्या तालावर मारुतीच्या देवळातून नाचत मैदानात येतात. त्यांना आम्ही सोंगं म्हणतो. कुठलं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

आराखड्यात या मैदानावर ‘शॉपिंग सेंटर व वाहनतळ’ असं आरक्षण टाकलं होतं. आरक्षण क्रमांक अकरा. ते कायम झालं असतं तर बोहाडा संपला असता, कारण सोंगं दुसरीकडे कुठं नाचत नाहीत. भांडण एवढंच होतं.

भांडणारे आम्ही चौघं. शकीलभाई, ज्यांच्या घरात वडिलांपासून सोंगांचे झगे शिवले जातात. त्र्यंबकआबा, ज्यांच्या माळ्यावर मुखवटे असतात. सुनंदाकाकू, ज्या तीस वर्षं अंगणवाडीत होत्या, त्यामुळे गावातला निम्मा पुरुषवर्ग अजूनही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो. आणि मी. मी नाशिकला भूगोलात एम.ए. केलं, नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकले आणि गाव सुधारायला परत आले. गावाला याची कल्पना नव्हती.

*

आराखडा आम्हाला सापडला तोच मुळात दाराआड.

नियमाप्रमाणे नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लावलेला होता. पण ज्या भिंतीवर लावला होता तिच्यावरच दाराची फळी उघडून टेकते. म्हणजे ऑफिस उघडं असलं की नकाशा झाकलेला, आणि नकाशा उघडा असला की ऑफिस बंद.

काकू घराच्या उताऱ्यासाठी गेल्या होत्या. वाऱ्यानं दार जरा हललं आणि त्यांना मागे रंग दिसले. त्यांनी सरळ दार लोटून घेतलं आणि चष्मा लावून नकाशा वाचायला लागल्या. आतून शिपाई धावत आला.

“काकू, दार उघडा. लोकांना वाटेल सुट्टी आहे.”

“वाटू दे,” काकू म्हणाल्या. “रोज असते तेव्हा कुठं वाटतं.”

संध्याकाळी त्या दुकानात आल्या त्या खूश होऊन. “मैदान निळं दाखवलंय गं. तळं करतात की काय? बरंच झालं म्हणा, पोरांना पोहायला होईल. पण मग ते आपलं काम कुठं करायचं?”

मी त्यांना सांगितलं की नकाशात निळा म्हणजे पाणी नाही, दुकानं.

काकू म्हणाल्या, “माझ्या अंगणवाडीत एखाद्या पोरानं दुकान निळं रंगवलं असतं ना, तर मी पुसून परत काढायला लावलं असतं.”

*

आता प्रश्न असा होता, की गावाच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या सोंगं नाचतात ती जागा सरकारी कागदावर ‘रिकामी’ कशी झाली? मी जुने कागद काढले. आराखड्याआधी एक पाहणी झाली होती, कुठल्या जागेचा आज काय वापर आहे त्याची. तीत आमच्या मैदानापुढे लिहिलं होतं: ‘वापर नाही. स्थानिक रहिवाशाकडून खात्री केली.’

हा स्थानिक रहिवासी कोण, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

“आलते दोन पोरं,” त्र्यंबकआबा म्हणाले. “हातात पाटीवाणी टॅब. मी इथंच पायरीवर बसेल व्हतो. म्हणले, बाबा, या मैदानात काय असतं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“काय नाय म्हणलं.”

मी डोक्याला हात लावला. “आबा, एक वाक्य बोलायचं होतं. एक.”

“कसं बोलायचं? श्रावण चालू व्हता.”

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. बोहाडा झाला की आमच्याकडे मुखवटे धुऊन, पुसून, धोतरात गुंडाळून माळ्यावर निजवतात. पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांचं नाव घ्यायचं नाही. बोहाडा हा शब्दसुद्धा काढायचा नाही. नाव घेतलं की सोंग जागं होतं, आणि जागं झालेलं सोंग नाचल्याशिवाय राहत नाही, मग ते ज्या घराचं असेल त्या घरात वर्षभर स्वस्थता नाही. कुणी विचारलंच तर ‘काय नाय’ म्हणायचं. लहानपणापासून आम्हाला असंच शिकवलेलं.

“पण ती सरकारी माणसं होती, आबा!”

“माळ्यावरच्यांना काय माहीत कोण सरकारी आन्‌ कोण नाय,” आबा म्हणाले.

मी हे सगळं आज नाव घेऊन लिहू शकते, कारण वैशाख चालू आहे.

*

हरकती द्यायला तीस दिवस होते आणि ते सगळे भाद्रपदात.

मी तीन दिवस बसून हरकतीचा नमुना तयार केला. चार पानं. कायद्याची कलमं, मैदानाचे अक्षांश-रेखांश, लोककला जतनाचं महत्त्व, सार्वजनिक जागांचा ऱ्हास, सगळं. शेवटच्या परिच्छेदावर मी स्वतःच जरा भारावले होते. प्रिंट काढून शकीलभाईंना वाचायला दिली.

त्यांनी मशीन थांबवलं. चारी पानं वाचली. मग नमुना लांब धरून, शिवलेला कपडा खांद्यापासून धरून बघतात तसा, वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

“बेटा, ही शेरवानी झाली. छान झालीये. पण ही घालून कांदे काढायला कोण जाणार?”

“भाई, त्यातलं एकही वाक्य कमी करता येणार नाही.”

“बघू,” म्हणाले, आणि कातरीनं कापायला लागले. अक्षरशः कातरीनं. पहिलं पान गेलं, कलमं गेली, ऱ्हास गेला. हातात राहिली वीतभर पट्टी. त्यावर नाव, पत्ता, ‘मैदान मैदानच ठेवावे’ आणि ‘कारण’ एवढंच होतं, पुढे दोन रिकाम्या ओळी.

“कारण ज्याचं त्यानं लिहायचं,” ते म्हणाले. “माप ज्याचं त्याचं.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्या वीतभर पट्टीच्या झेरॉक्स काढून आणल्या. उरलेल्या पानांचं त्यांनी काय केलं ते विचारू नका. एका ब्लाउजच्या मापाच्या मागे मला ‘सार्वजनिक जागांचा ऱ्हा’ एवढं दिसलं होतं.

*

कारण ज्याचं त्यानं लिहायचं म्हटल्यावर काय होणार होतं ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पट्ट्या भरून यायला लागल्या. एकीत लिहिलं होतं, ‘कारण: दरवर्षीचं ते’. दुसरीत, ‘कारण: आमच्या घरचं त्या दिवशीचं काम तिथेच होते’. एका मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘कारण सर्वांना माहीत आहे’. एका आजींनी कारण न लिहिता नुसता नमस्कार घातला होता, दोन हात जोडलेलं चित्र.

मी घरोघरी जाऊन समजावलं. लिहा हो, फक्त एक शब्द लिहा. बोलू नका, लिहा. लोक माझ्याकडे दयेनं बघत. “तू शिकलेली, तुला चालतं,” म्हणत आणि मला चहा देत. मीच काय ते माझ्या एकटीच्या पट्टीवर बोहाडा असा शब्द लिहिला. त्या दिवसापासून आमच्या आईनं आठवडाभर उंबऱ्यावर दिवा लावला.

गठ्ठा घेऊन मी नगरपंचायतीत गेले. आवक-जावकचे भाऊसाहेब एकेक पट्टी वाचून शिक्का मारत होते. मला वाटलं, आता हे सगळं परत करणार आणि म्हणणार, कारण स्पष्ट लिहा.

‘दरवर्षीचं ते’ या पट्टीवर त्यांचा हात थांबला.

“मॅडम, हे ‘ते’ म्हणजे...”

“भाऊसाहेब, मी सांगते.”

“नका, नका,” ते घाईघाईनं म्हणाले आणि छताकडे बघितलं. भाऊसाहेब आमच्याच गावचे, वरच्या आळीचे. “म्हणजे तेच ना?”

“तेच.”

“मग बरोबर लिहिलंय की,” म्हणाले, आणि शिक्का मारला.

*

मधल्या काळात गोरखशी माझं भांडण झालं, आणि ते विनोदी नव्हतं.

गोरख माझ्या वर्गातला. द्राक्षाच्या सीझनला पिंपळगावच्या पॅकहाउसला टेंपो चालवतो, एरवी मिळेल ते भाडं. त्याच्या घराकडे दैत्याचं सोंग आहे, गावातलं सगळ्यात जड. आणि तरी गोरख शॉपिंग सेंटरच्या बाजूनं होता. तिथं त्याला एक गाळा मिळायची आशा होती.

“तुला मैदान पाहिजे, कारण तुझं काम लॅपटॉपवर आहे,” तो भर दुकानात म्हणाला. “तुला उभं राहायला जागा लागत नाही. मला लागते. अजून किती वर्षं स्टिअरिंग धरू? पाठ गेली माझी. वर्षातून एक दिवस दैत्य व्हायचं आणि उरलेले दिवस दुसऱ्यांचे क्रेट उचलायचे, हे तुझं लोककला जतन.”

मी बरंच बोलले, पण त्यात उत्तर नव्हतं.

उत्तर काकूंनी शोधलं, आणि तेही त्या दाराआडच्या नकाशात. आमच्याकडे बसस्टँडसमोर एक जुना कोंडवाडा आहे. मोकाट गुरं पकडून तिथं ठेवायचे, मालक येऊन सोडवून न्यायचे. आता गुरंच कमी झाली, तर मोकाट कुठली? दगडी भिंतींच्या आत नुसतं गवत. आराखड्यात त्या कोंडवाड्यावर आरक्षण होतं, क्रीडांगण! चारी बाजूंनी डोक्याएवढी भिंत, पुढे एसट्यांचा धूर, आणि आत मुलांनी खेळायचं. म्हणजे खेळायची जागा दुकानांना आणि दुकानांची जागा खेळाला. ऑफिसात बसून नकाशा काढला की असं होतं, मला कॉलेजात हेच शिकवलं होतं, फक्त मला ते दिसलं नव्हतं.

“अदलाबदल मागू,” काकू म्हणाल्या. “बसस्टँडसमोर गिऱ्हाईक पण जास्त येईल.”

गोरख ऐकत होता. पटलेलं होतं, पण इतक्या लवकर पटलं असं दाखवायचं नव्हतं.

“म्हणजे मला आता कोंडवाड्यात बसवताय, काकू.”

“बस रे,” काकू म्हणाल्या. “सोडवून न्यायला येऊ आम्ही.”

तो हसला. पाचवा भिडू मिळाला.

*

अदलाबदल मागायची तर दोन्ही जागांचं क्षेत्रफळ हवं. कोंडवाड्याचं कागदावर होतं. मैदानाचं कुठंच नव्हतं, नुसतं ‘गावठाणातील मोकळी जागा’. मी मोबाइलवर मोजलं. सकाळी एक आलं, दुपारी दुसरं. ढग आले तर तिसरंच.

“मी मोजतो,” शकीलभाई म्हणाले, आणि गळ्यातला टेप काढला. तोच, दीड मीटरचा, कापडी.

मी म्हटलं, भाई, तुमचा टेप दीड मीटर आणि मैदान केवढं. ते म्हणाले, “माणूस कितीही मोठा असो, टेप एवढाच असतो.” त्यांनी पूर्ण दुपार घेतली. गोरख एक टोक धरायचा, ते दुसरं, मधे खडूची खूण. मैदान काही चौकोनी नाही. एका बाजूला फुगलंय, मधे चेपलंय, विहिरीकडे एक लांबट बोळ निघालाय. त्यांनी सगळं आपल्या मापाच्या वहीत लिहून दिलं. मी वेळ नव्हता म्हणून त्याच पानाची झेरॉक्स अर्जाला लावली.

पुढे नगररचना खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली, तेव्हा त्यांनी ते पान उचललं. साहेब नाशिकहून आलेले, शांत, चष्म्यावरून बघणारे.

“हे ‘छाती’ काय आहे?”

“मारुतीच्या देवळासमोरची रुंदी, साहेब,” शकीलभाई उभं राहून म्हणाले.

“आणि ‘कंबर’?”

“मधे चेपलंय तिथं.”

“‘बाही’?”

“विहिरीकडचा बोळ. डावी बाही. उजवी नाहीये.”

साहेबांच्या शेजारच्या इंजिनीअरनं आपल्या मशीननं मोजलेलं माप काढलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ आकडेमोड केली. मग जरा नाराजीनंच म्हणाला, “सर, वीतभराचा फरक आहे. यांचं जास्त भरतंय.”

“ते मी ठेवलंय,” शकीलभाई म्हणाले. “शिलाईत दाबायला लागतं.”

*

त्याच सुनावणीत आबांची पाळी आली.

साहेबांनी सगळा गठ्ठा वाचला होता. “एवढ्या लोकांनी हरकत घेतलीये,” ते म्हणाले, “पण या जागेचा नेमका वापर काय, ते एकाच बाईंनी लिहिलंय.” माझ्याकडे बघितलं. “एकीच्या शब्दावर मी आरक्षण कसं बदलू? आजोबा, तुम्ही सगळ्यात जुने. तुम्ही सांगा. तुमचं म्हणणं काय?”

आबा उठले. टोपी नीट केली. मार्गशीर्ष चालू होता, अक्षय्य तृतीयेला अजून बरेच महिने. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते. आबा, एकदा. आज एकदाच.

“माझं म्हणणं कागदावर हाय,” आबा म्हणाले.

साहेबांनी कागद शोधला. “कागदावर तुम्ही लिहिलंय, ‘तेच’.”

“हां. मंग तेच.”

“आजोबा, शासनाला ‘तेच’ समजत नाही.”

“शासन नवीन हाय,” आबा शांतपणे म्हणाले. “समजंल हळूहळू.”

हॉलमध्ये कुणीतरी खोकल्यासारखं करून हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. आरक्षण क्रमांक अकरा कायम. मी काकूंचा हात घट्ट धरला होता हे मला नंतर त्यांच्या मनगटावर वळ दिसले तेव्हा कळलं.

“मी जागेवर येऊन बघतो,” साहेब म्हणाले.

*

साहेब आले ते पौषात, मंगळवारी, भर दुपारी. बरोबर टेप घेतलेला एक तरुण असिस्टंट. मी त्यांच्याबरोबर शकीलभाईंच्या दुकानासमोर, मैदानाच्या काठाला उभी होते. मैदान रिकामं होतं. उन्हात एक ट्रॅक्टरची ट्रॉली तेवढी होती, तीही गोरखनं नुकतीच काढून नेली.

“मॅडम,” साहेब मला म्हणाले, “इथं काहीतरी होतं हे मी मानतो. पण त्याला एवढी जागा लागते? असं करू. उत्तरेकडची ही पट्टी दुकानांना देऊ, बाकीचं तुम्हाला राहील. समजुतीनं घ्या.”

ते इतक्या चांगल्या आवाजात म्हणाले की मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. इतके महिने मी आडमुठ्या माणसाशी भांडायची तयारी केली होती. समजूतदार माणसाशी काय बोलायचं ते माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे फोटो होते, पण फोटोत मुखवटे दिसत, मैदान किती भरलंय ते नाही.

तेवढ्यात आबा आले. काखेत गोणपाटाची घडी. आमच्याकडे न बघता ते मैदानात चालत गेले, देवळाच्या डाव्या अंगाला एका जागी थांबले, गोणपाट अंथरलं आणि बसले.

मग काकू त्यांच्या जावेला घेऊन आल्या, त्या आबांच्या मागे, थोड्या उजवीकडे बसल्या. मग खालच्या आळीतून लोक यायला लागले, मग वरच्या. बागेतून तसेच आलेले, हातावर औषधाचे निळे डाग. कणकेचे हात पदराला पुसत आलेल्या बाया. कुणी कुणाला निरोप दिला होता ते मला आजही माहीत नाही. भाऊसाहेब ऑफिसातून आले आणि आपल्या आळीत जाऊन बसले. शकीलभाईंनी मशीनवर कापड टाकलं, निंबाखाली गेले आणि तिथं मांडी घालून बसले. तिथं त्यांचे वडील बसायचे. गोरख त्यांच्यापासून चार हातांवर, भावांच्या ओळीत.

कुणीही जागा शोधत नव्हतं. स्वतःच्या घरात दिव्याचं बटण जसं न बघता सापडतं, तसा प्रत्येक जण आपल्या बोहाड्याच्या जागी जात होता. जे गावात नव्हते त्यांच्या जागा मधेमधे तशाच सोडल्या होत्या. देवळापासून मैदानाच्या मध्यापर्यंत दोन रांगांच्या मधे दोन हात रुंदीची एक पट्टी मोकळी होती. बाकी मैदान गच्च.

साहेब बघत राहिले. मग त्यांनी उत्तरेकडे बोट दाखवलं. “ती पट्टी मात्र रिकामीच आहे.”

ती खरंच रिकामी होती. एक माणूस नाही.

“ती लेकींची,” काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. “लग्न होऊन गेलेल्यांची. त्या दिवशी सगळ्या येतात. आज सासरी आहेत. बोलावू का? संध्याकाळच्या एसटीनं पोचतील.”

“नको, नको,” साहेब म्हणाले.

त्यांनी नकाशावर काहीतरी लिहिलं. मग लेकींची पट्टी जवळून बघावी म्हणून ते आणि असिस्टंट मैदानात शिरले. दाटीतून जायला एकच जागा होती, त्या दोन रांगांच्या मधली. मधोमध पोचल्यावर ते थांबले आणि नकाशा उघडून उभे राहिले.

“साहेब,” आबा म्हणाले, “जरा कडंला व्हा. वाट हाय ती.”

“कुणाची?”

सगळ्यांची तोंडं देवळाकडे होती आणि दोन्ही रांगांतले लोक जरासे मागे रेलून बसले होते. साहेबांनी वळून देवळाकडे बघितलं. दार बंद होतं. पायऱ्यांवर ऊन होतं.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी नकाशाची घडी केली आणि दोन पावलं बाजूला होऊन आबांच्या गोणपाटाच्या कडेला उभे राहिले.

असिस्टंट अजून मधेच होता, हातात टेप धरून.

“अरे,” साहेब त्याला हळूच म्हणाले, “तू पण सरक.”